आढ्याकडे बघण्याची सवय

वादळ येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळी माझे वडील एक चमत्कारिक गोष्ट करायचे. दिवा मालवायचा, दार लोटून घ्यायचं, खिडकीवर जाड चादर टाकायची आणि अंधाऱ्या खोलीत जमिनीवर उताणं पडून आढ्याकडे टक लावून बघायचं. दहा-पंधरा मिनिटं. तेवढा वेळ आम्हा भावंडांना हूं की चूं करायची बंदी. आई स्टोव्हपाशी बसून पुटपुटायची, "पाळीची वेळ झाली तरी आढ्याला डोळे लावून पडलेत!" वडील गिरणीत साचेवाले होते. पाळी त्यांनी कधी चुकवली नाही. पण ही दहा मिनिटंही कधी चुकवली नाहीत.

मग एकदम ते बोट वर करायचे. "तो बघ." कौलांच्या काळोखात सुईच्या टोकाएवढा उजेड. त्या ठिपक्याच्या बरोबर खाली, भिंतीवर, ते पेन्सिलीनं बाण काढायचे आणि बाणाशेजारी तारीख लिहायचे. मालकाचा माणूस भाडं न्यायला आला की त्याला बाण दाखवायचा. त्यानं ऐकलं नाही तर रविवारी स्वतःच माणूस बोलावून दोन कौलं बदलून घ्यायची. चिंचपोकळी स्टेशनच्या अलीकडे, चार मजल्यांच्या चाळीत अगदी वरच्या माळ्यावर आमची खोली. डोक्यावर फक्त कौलं आणि त्यावर आभाळ.

आढ्याकडे बघत पडणं हे मराठीत आळशी माणसाचं लक्षण मानलं जातं. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटायचं. आज साठी ओलांडल्यावर वाटतं, आमच्या चाळीत त्या दहा मिनिटांइतकं कष्टाचं काम दुसरं कोणी करत नव्हतं. कारण छपराकडे बघायचं म्हणजे तिथं जे दिसेल त्याची जबाबदारी घ्यायची. आणि माणसं नेमकी तीच टाळतात.

वळचणीचं पाणी आढ्याला

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. एरवी ती खरी. वादळात मात्र ती खोटी ठरते, आणि छपराचं सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं.

मंगलोरी कौल हे साधं पण हुशारीचं काम आहे. १८६५ साली बासेल मिशनच्या मंडळींनी मंगलोरजवळ नेत्रावती नदीच्या काठी या कौलांचा कारखाना काढला. तिथली तांबूस कौलं जहाजांतून पश्चिम किनाऱ्याला सगळीकडे गेली आणि मुंबईच्या चाळींवर चढली. कौल पालथं केलं तर कारखान्याचं नाव आणि पुष्कळदा १८६५ हा आकडा दिसतो. तो पाहून "आमची कौलं दीडशे वर्षांची" असं छाती फुगवून सांगणारे लोक मी पाहिले आहेत. तो आकडा कारखान्याच्या जन्माचा. कौल पुढं कितीतरी वर्षांनी भाजलेलं असू शकतं.

या कौलाला खालच्या अंगाला एक नाक असतं. ते रिपेत अडकतं. शेजारचं कौल त्याच्या खाचेत बसतं, वरचं कौल खालच्यावर चढतं. बाकी सारी भिस्त स्वतःच्या वजनावर, म्हणजे दोन-तीन किलोंवर. पाऊस सरळ पडला तर पाणी कौलावरून कौलावर उतरत वळचणीला येतं. वारा पिसाटला की तोच पाऊस आडवा होतो, पाण्याला उताराच्या उलट वर रेटतो, आणि दोन कौलांच्या मधून ते आत शिरतं. कौल न फुटता, न हलता घर गळतं ते असं.

दुसरी गोष्ट वाऱ्याच्या स्वभावाची. वारा छप्पर दाबून मोडतो असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा वारा छप्पर उचलतो. छपरावरून वेगानं जाताना तो वरच्या बाजूला खेच निर्माण करतो, आणि उघड्या दारा-खिडक्यांतून आत शिरलेला वारा खालून रेटा देतो. ही खेच सगळ्यात जास्त असते ती कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्यावर. म्हणून वादळानंतर आधी तिथंच बघायचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. कालच्या वाऱ्यात टिकलं म्हणून आजच्या वाऱ्यात टिकेल, हा हिशेब त्यामुळे चुकतो.

दोन वादळं, एक फट

५ ऑगस्ट २०२० ची संध्याकाळ दक्षिण मुंबईतले लोक विसरले नसतील. कुठल्याही चक्रीवादळाचं नाव नसलेला तो वारा कुलाब्याला ताशी १०६ किलोमीटरवर गेला. दोनच महिन्यांपूर्वी, ३ जूनला, 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं होतं आणि मुंबई थोडक्यात वाचली होती. गावाकडून फोटो येत होते, वासे उघडे पडलेल्या घरांचे. आम्ही हळहळलो, गावी पैसे पाठवले, आणि आपल्या डोक्यावर काय आहे ते बघितलं नाही.

मग १७ मे २०२१. 'तौक्ते'. हे नाव म्यानमारनं दिलेलं, अर्थ पाल. पाल चुकचुकली की जमिनीवर बोटं आपटणाऱ्या आमच्या आजीच्या पिढीला हे नाव चांगलंच पटलं असतं. वादळ मुंबईवर आलं नाही, समुद्रातून पुढं गुजरातेत गेलं. पण जाता जाता कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदवून गेलं. विमानतळ बंद, सागरी सेतू बंद, करोनाचं लसीकरणही त्या दिवशी बंद. आमच्या गल्लीत वारा नुसता येत नाही, तो घुसतो. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिल्यापासून उंचावर अडलेला वारा भिंतीवरून खाली उतरतो आणि दोन इमारतींच्या फटीतून जोर धरतो. दुपारभर कौलांचा खडखडाट ऐकत आम्ही वरच्या माळ्यावरची माणसं जिन्याजवळ बसून होतो.

दुसऱ्या दिवशी उघडीप मिळाली. मी खोलीत गेलो, दिवा मालवला, चादर टाकली आणि गुडघे दुखत असतानाही उताणा पडलो. एकही ठिपका दिसला नाही. दिसणार कसा? सहा वर्षांपूर्वी मुलानं हौसेनं प्लास्टिकच्या पट्ट्यांचं पांढरं शुभ्र सीलिंग बसवून घेतलं होतं. खोली कशी ऑफिससारखी दिसत होती. आढं मात्र कायमचं झाकलं गेलं होतं. चाळीच्या वरच्या माळ्यावरच्या दहापैकी आठ खोल्यांत हीच अवस्था.

अडचण सोडवली ती चाळीतल्या एका कॉलेजच्या पोरानं. त्याचा वर्गमित्र समोरच्या टॉवरमध्ये चोविसाव्या मजल्यावर राहतो. त्यानं आपल्या गॅलरीतून आमच्या छपराचा फोटो काढून पाठवला. तो मोबाइल हातोहात फिरला. चाळीत जन्म काढलेल्या माणसांनी आपलं छप्पर पहिल्यांदा बघितलं. तांबड्या कौलांवर शेवाळाचे काळे पट्टे, मध्येच निळ्या ताडपत्रीचे तुकडे, एक मोडकी डिश, आणि पश्चिमेच्या टोकाला, शेवटच्या खोलीवर, दात पडल्यासारखी तीन कौलांची जागा रिकामी. तिच्या वर आढ्यावरचं कौल सरकलेलं.

शेवटच्या खोलीत काकू राहतात. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांनी गळतीचा शब्दही कधी काढला नव्हता.

बघायचं कसं?

काकूंच्या खोलीत काय सापडलं ते सांगण्याआधी, वादळानंतर छपराकडे कसं बघावं ते सांगतो. यातलं थोडं वडिलांकडून शिकलो, थोडं नोकरीत. बँकेत असताना रायगड जिल्ह्यातल्या किनाऱ्याजवळच्या एका शाखेत होतो. ११ नोव्हेंबर २००९ ला 'फयान' येऊन गेलं आणि घरदुरुस्तीच्या कर्जाचे अर्ज टेबलावर साचले. पाहणीला घरोघर फिरलो. तिथं शाकारणी करणाऱ्या एका म्हाताऱ्या मामांनी मला कौल वाजवायला शिकवलं. बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. धड कौल खणखणीत वाजतं. केसाएवढी चीर असली तरी बद्द वाजतं. "साहेब, तुमच्या रुपयासारखंच," ते म्हणाले. कॅशियर पूर्वी नाणं कसं पारखायचे ते आठवलं.

पहिला नियम, स्वतः वर चढू नका. ओल्या शेवाळावर पाय ठरत नाही, आणि जुना सिमेंटचा पत्रा तर माणसाचं वजन घेतच नाही. वर जाणारा माणूस त्या कामातला हवा. त्यालाही कैचीच्या रेषेवर फळी टाकून, कमरेला दोर बांधूनच जाऊ द्यावं. आपलं काम डोळ्यांचं. समोरच्या इमारतीची गच्ची, जिन्याची खिडकी, रेल्वेवरचा पूल, जिथून छप्पर दिसेल तिथून बघावं. मोबाइलवर फोटो काढून तो मोठा करून बघितला तर दुर्बिणीचं काम होतं.

कौलारू छपरात रेषा बघायच्या. कौलांच्या रांगा वहीच्या ओळींसारख्या सरळ असतात. ओळ वाकडी झाली की कौल सरकलंय. ओळ मध्येच खचली असेल तर दोष कौलाचा नाही, खालच्या रिपेचा किंवा वाशाचा आहे, आणि तो जास्त गंभीर. आढ्यावरच्या कौलांचा चुना-सिमेंट सुटला आहे का ते बघावं. खाली अंगणात, पन्हळीत, शेजारच्या पत्र्यावर तांबडे तुकडे पडले असतील तर ते कुठून आले याचा शोध घेतल्याशिवाय झाडून टाकू नयेत. बदली कौल आणताना नमुना सोबत न्यावा; एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही, आणि मग नव्या कौलाशेजारीच नवी गळती सुरू होते.

पत्र्याच्या छपरात हूक बघायचे. वारा पत्र्याला तासन् तास खालीवर खेळवतो, त्यानं हुकाभोवतीचं भोक लांबट होतं, वायसर फाटतो. पत्रा जागेवर दिसतो, पण पुढच्या वाऱ्याला उडायला मोकळा झालेला असतो. कडेचा पत्रा वाऱ्यात थडथड वाजत असेल तर त्याला तसाच सोडू नये. उडालेला पत्रा आपल्या घराचं नुकसान करून थांबत नाही, रस्त्यावरच्या माणसावर जातो.

गच्ची असली म्हणून वादळाचा धोका नाही असं कोणी समजू नये. मुंबईतल्या जुन्या गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. वरून काही आदळलं, कुंडी, टाकीचं झाकण, डिश, तर त्याला तडा जातो. हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघावं. पोकळ आवाज आला तर कोबा सुटला आहे. वादळानं उडवलेला पाला, पिशव्या आणि कबुतरांची पिसं पाणी जाण्याच्या तोंडाशी बसतात आणि गच्चीचा तलाव होतो. पाऊस थांबून एक दिवस उलटल्यावरही पाणी साचलेलं असेल तर ते वाट शोधतंय हे ओळखावं. कठड्याच्या फटीत पिंपळाचं रोप दिसलं तर ते हातभर होण्याची वाट बघू नये.

आता घराच्या आत. डाग जिथं दिसतो तिथं भोक असेलच असं नाही. पाणी वाशावरून, तुळईवरून घसरत येतं आणि भलतीकडे टपकतं. म्हणून डागापासून उताराच्या वरच्या दिशेनं शोध घ्यावा. डागाच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ मारून तारीख टाकावी. पुढच्या पावसानंतर डाग रेघेबाहेर गेला तर गळती चालू आहे; आतच राहिला तर जुनी ओल आहे. बँकेत आम्ही खाडाखोडीवर तारीख आणि सही करायचो, तसंच हे. भिंतीला लोणा धरला असेल, रंगाचे पापुद्रे सुटत असतील, बंद खोलीत ओल्या कापडासारखा वास येत असेल, तर पाणी मुरून बरेच दिवस झाले आहेत. दिव्याच्या बटणाजवळ किंवा पंख्याच्या हुकाशी ओल दिसली तर आधी मेन स्विच बंद, मग बाकी सगळं.

आणि सगळ्यात महत्त्वाची जागा लाकडाची टोकं. वासा किंवा तुळई भिंतीत जिथं शिरते तिथं हवा लागत नाही, पाणी मात्र पोचतं. तिथं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघावं. धड सागवान दाद देत नाही. टोक आत गेलं तर लाकूड कुजलंय. ज्यांनी सीलिंग करून घेतलं आहे त्यांनी दोन कोपऱ्यांत हात आणि टॉर्च जाईल एवढी झडप ठेवावी. घर शोभिवंत करताना त्याची नाडी झाकू नये.

काकूंची खोली

काकूंनी दार उघडलं ते नाखुशीनंच. आत गेल्यावर कारण कळलं. त्यांच्या छताला आतल्या बाजूनं जाड निळं प्लास्टिक बांधलेलं होतं. त्याला मध्यभागी पोट आलं होतं, आणि त्या पोटाला भोक पाडून एक नळी मोरीत सोडलेली होती. व्यवस्था नामी होती. ऑगस्ट २०२० च्या वाऱ्यात कौल सरकलं, तेव्हापासून हे चालू होतं. नऊ महिने.

प्लास्टिक सोडवलं. जमिनीवर पाणी पडलं, त्यामागून काळा भुगा. ज्या तुळईवर दोन खोल्यांचे वासे टेकलेले होते, तिचं भिंतीतलं टोक काळं पडलं होतं. आमच्या सुतारमामांनी स्क्रू-ड्रायव्हर लावला. तो मुठीपर्यंत आत गेला. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त काकूंच्या नातवाची गादी तिथून उचलून दुसऱ्या भिंतीला नेऊन टाकली.

"काकू, एवढे दिवस सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"काय सांगायचं, भाऊ?" त्या म्हणाल्या. "सांगितलं की साहेबलोक येणार, पाटी लावणार, खोली खाली करा म्हणणार. मला ट्रकात घालून लांब कुठं कॅम्पात नेऊन टाकणार. पोरं परत येतीलही. मी येईन का?"

त्यांच्या या भीतीला मी वेडेपणा म्हणणार नाही. संक्रमण शिबिरात 'तात्पुरते' गेलेले आणि तिथंच म्हातारे झालेले लोक आमच्या प्रत्येकाच्या माहितीत आहेत. पण दुसऱ्या पारड्यातलं वजनही खोटं नाही. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला कोसळली, डोंगरीची केसरबाई इमारत १६ जुलै २०१९ ला, फोर्टमधल्या भानुशाली इमारतीचा भाग १६ जुलै २०२० ला. तारखा नीट बघाव्यात. सगळ्या पावसाळ्यातल्या. कारणं प्रत्येक ठिकाणची वेगळी असतील. पण जुन्या इमारतीत मुरणारं पाणी कधीच कोणाच्या बाजूनं नसतं.

काकूंनी लपवलं म्हणून त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. मी त्यांच्या जागी असतो तर? माझ्याच डोक्यावर सहा वर्षं सीलिंग होतं. त्यांनी निळं प्लास्टिक बांधलं, मी पांढरं बसवलं. न बघण्याची सोय दोघांनीही करून घेतली होती; माझी जरा महाग होती एवढंच.

छप्पर कोणाचं?

त्याच रात्री चाळीच्या चौकात, तोंडाला मास्क लावून, अंतर ठेवून बैठक झाली. पावसाला तीन आठवडे उरले होते. तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "माझ्या डोक्यावर तीन माळे आहेत. माझ्याकडे थेंब येत नाही. मी कशाला पैसे द्यायचे?" चाळीत हा प्रश्न नवा नाही. ऊन-पावसात छप्पर वरच्या माळ्याचं असतं. पुनर्विकासाची बोलणी आली की ते सगळ्यांचं होतं.

कायदा काय म्हणतो ते सगळ्यांना माहीत असायला हवं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. त्यानं ती केली नाही तर भाडेकरूंनी किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, मग स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा. मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त कापता येत नाही. आमचं भाडं महिना १८० रुपये. वर्षाचे २,१६० आणि त्याचा चौथा हिस्सा ५४०. चाळीस खोल्यांचे मिळून २१,६०० रुपये. मामांचा अंदाज होता ७७ हजारांचा. बँकेत असताना आकडे जुळले नाहीत की आम्ही रात्री उशिरापर्यंत बसायचो. हे आकडे कितीही बसलं तरी जुळणारे नव्हते.

मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ आहे. १९६८ च्या बेडेकर समितीनंतर, १९६९ च्या कायद्यानं ते स्थापन झालं. तेव्हा अशा इमारती १९,६४२ होत्या. इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती मंडळ करतं, आणि त्यासाठीच आपण उपकर भरतो. तिथं अर्ज जरूर करावा, आम्हीही केला. पण चार कौलं सरकली त्याच आठवड्यात ती बसवून घेणं हे कोणत्याही मंडळाचं नाही, आपलंच काम आहे. सहकारी सोसायटीत राहणाऱ्यांसाठी गोष्ट सरळ आहे. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून होणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं व्हायची असते. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबानं एकट्यानं ती भोगायची नसते. घराचा विमा असेल तर झाडण्या-पुसण्याआधी फोटो काढावेत आणि लगेच कळवावं. वादळानं झालेलं नुकसान भरून मिळू शकतं. वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षानं झालेलं मिळत नाही. दोन्हींतला फरक दाखवणारा पुरावा म्हणजे ती पेन्सिलीची तारीख आणि वादळाआधीचा एखादा फोटो.

तळमजल्यावरच्या गृहस्थांना मी कायदा सांगितला, त्यांना तो पटला नाही. सुतारमामांनी त्यांचा हात धरला आणि त्यांच्याच खोलीत नेलं. कोपऱ्यातल्या लाकडी खांबावर हात ठेवून म्हणाले, "दादा, हा खांब वर कुठपर्यंत जातो माहीत आहे? काकूंची तुळई याच्याच डोक्यावर बसलीय. ती सुटली की आधी हा हलणार." गृहस्थ त्या खांबाकडे बघत उभे राहिले. त्यावर त्यांच्या घरातल्या पोरांच्या उंचीच्या खुणा होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले २,००० रुपये त्यांचे आले.

१८ मेलाच तुळईला टेकू दिला आणि वरून ताडपत्री घट्ट बांधली. १९ मेला मालकाला रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस गेली. माहितीतल्या एका इंजिनिअरला बोलावून सांगाड्याची पाहणी करून घेतली आणि त्याच्या सांगण्याप्रमाणेच काम ठरवलं. काकूंना चौकापलीकडच्या एका रिकाम्या खोलीत हलवलं. किल्ली त्यांच्याच कनवटीला. १५ दिवस ३ जूनला संपले. पाडलेल्या एका चाळीची, त्याच छापाची कौलं मिळाली. ४ जूनला काम सुरू झालं. कुजलेलं टोक कापून लोखंडी चॅनेलचा आधार दिला, वासे बदलले, कडेची कौलं तारेनं बांधली. ८ जूनच्या संध्याकाळी शेवटचं कौल चढलं. ९ जूनला मुंबईत मान्सून दाखल झाला आणि पहिल्याच दिवशी त्यानं शहराला झोडपलं. रात्री अकरा वाजता टॉर्च घेऊन आम्ही काकूंच्या खोलीत गेलो. जमीन कोरडी होती.

प्रत्येक खोलीचे २,००० याप्रमाणे ८० हजार जमले होते. उरलेले ३ हजार पुढच्या वर्षीच्या शाकारणीसाठी ठेवले. तेव्हापासून दर वर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी चाळीत छपराची पाहणी होते. टॉवरमधून फोटो येतो, मागच्या वर्षीच्या फोटोशेजारी ठेवून बघितला जातो. मे महिन्यावर हे काम ढकलायचं नाही, हेही ठरलं आहे. २०२५ साली मान्सून २६ मेलाच मुंबईत येऊन थडकला. जूनची वाट बघत बसलेल्यांची त्रेधा उडाली.

काकू आपल्या खोलीत परत आल्या. एवढ्यानं चाळ नवी झाली असं नाही. पुनर्विकास कधी होईल, झाला तर आम्ही बघू का, हे प्रश्न आहेत तिथंच आहेत. पण जोवर डोक्यावर हे छप्पर आहे तोवर त्याकडे बघायला हवं.

मी माझं सीलिंग काढून टाकलं. मुलगा थोडा नाराज झाला. रंग देणाऱ्यानं भिंतीचे जुने थर खरवडले तेव्हा खिडकीच्या वर, चुन्याच्या तिसऱ्या-चौथ्या थराखाली, पेन्सिलीचा एक बाण निघाला. अक्षर वडिलांचं. तारीख अर्धी पुसली होती, महिना तेवढा वाचता आला, जून. बाणाच्या दिशेनं मी वर बघितलं. तिथलं एक कौल बाकीच्यांपेक्षा किंचित वेगळ्या रंगाचं होतं. काठीनं हलकेच ठोकून पाहिलं. खणखणीत वाजलं.

रंगाऱ्याला सांगितलं, तेवढी जागा सोडून रंग दे.